न्यू जर्सीच्या प्रायमरीबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

‘आधीपासून डेमोक्रॅट म्हणून नोंद नसेल तर न्यू जर्सीत प्रायमरीला मत देता येत नाही’ हा मेसेज आपल्या एडिसनकडच्या ग्रुपांवर फिरतोय. (प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक.) मीही तो न तपासता पुढे ढकलला होता, चूक माझीच. तो नियम हडसन नदीपलीकडच्या न्यूयॉर्कचा! आपल्याकडे कुठल्याच पक्षात नोंद नसलेला मतदार त्याच दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मत देऊ शकतो. राज्याच्या निवडणूक विभागाच्या साइटवर पाहून घेतलं. मात्र त्यानंतर तुमची नोंद त्या पक्षात होते, हे बऱ्याच जणांना मागाहून कळतं. रिपब्लिकन म्हणून नोंद असेल आणि डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत द्यायचं असेल, तर पक्ष बदलण्याचा अर्ज प्रायमरीच्या ५५ दिवस आधी हवा. नव्या मतदार नोंदणीची मुदत (प्रायमरीच्या २१ दिवस आधी) वेगळी. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. कुठे दिसला तर खाली हा खुलासा टाका.