ए मू, या!

मध्यंतरी एका शनिवारी तिसऱ्या मजल्यावरच्या सरांनी माझ्या कीबोर्डवरचे सव्वीसच्या सव्वीस स्टिकर नखाने खरवडून काढले. माझ्या देखत, माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पीत. आणि वर मलाच म्हणाले, "जरा ओलं फडकं आण, गोंद राहिलाय."

स्टिकर कोरियन अक्षरांचे होते. या वयात कोरियन कशाला, हे कृपया विचारू नका. सासूबाईंपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. लेकीने लॉकडाउनमध्ये कोरियन मालिकांची चटक लावली, मग ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि मालिका माझ्याकडे राहिल्या. खालची इंग्रजी वाक्यं वाचण्याच्या नादात दोनदा पिठलं करपलं, तेव्हा म्हटलं, भाषाच शिकून टाकू.

अक्षरं सोपी आहेत, हे कबूल. सेजोंग नावाच्या राजाने ती १४४३ साली तयार करवली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. सोबतच्या ग्रंथात लिहून ठेवलंय की शहाणा माणूस ती सकाळ सरायच्या आत शिकेल आणि मठ्ठालाही दहा दिवस पुरतील. मला नऊ लागले. त्या एका दिवसाचा अभिमान मी अजून बाळगून आहे. पण कीबोर्डबद्दल राजाने काही शब्द दिला नव्हता.

कॉम्प्युटरमध्ये कोरियन टाकायला दोन मिनिटं लागतात. बटणं मात्र इंग्रजीच राहतात. कुठल्या बटणाखाली काय दडलंय ते तुम्ही ओळखायचं. डाव्या हाताला सगळी व्यंजनं, उजव्या हाताला सगळे स्वर, म्हणजे जेन्ट्स डबा वेगळा, लेडीज वेगळा. एक 'यू' तेवढा बीच्या बटणावर, डाव्या बाजूला, गर्दीत चुकून जेन्ट्समध्ये चढलेल्या बाईसारखा अंग चोरून उभा. 'आन्न्यॉङ्हासेयो' म्हणजे आपलं नमस्कार. त्यासाठी दाबायचं डी के एस, एस यू डी, जी के, टी पी, डी वाय. ऑनलाइन वर्गात पहिल्या दिवशी मी भाषा बदलायची विसरले आणि नमस्काराऐवजी एखाद्या डॉक्टरच्या नावामागच्या पदव्या पाठवल्या. पुढच्या वर्गात मास्तरीणबाईंनी विनोद केला. कोरियन लोक हसताना 'ख ख ख' लिहितात, आणि तो 'ख' असतो झेडवर. मी पुन्हा भाषा बदलायची विसरले. पडद्यावर झेड झेड झेड. बाईंनी काळजीने विचारलं, "झोप येतेय का?"

त्यातून ती अक्षरं एका जागी थांबतील तर शपथ. 'नारा' लिहायचं, म्हणजे देश. न, आ, र दाबलं की तो 'र' आधी 'ना'च्याच खाली तळमजल्यावर जाऊन बसतो. पुढचा 'आ' दाबला की टुणकन उडी मारून शेजारच्या घरात. याला कोरियन लोक 'तोक्केबीबुल' म्हणतात, म्हणजे भुताचा जाळ. आमच्या आजोळी, कोकणात, आग्या वेताळाची दिवटी अशीच असायची. आत्ता विहिरीपाशी दिसली म्हणून बघावं तर बांधापलीकडे. मी मुंबईत, पंख्याखाली, चष्मा लावून सहा महिने तिच्यामागे धावतेय.

म्हणून स्टिकर. लॅमिंग्टन रोडच्या, कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गाच्या, फुटपाथवर तीनशे रुपयांना घेतले. जुलैत दमट हवेने त्यांचे कोपरे सुटायला लागले. एकदा 'ऑ' माझ्याबरोबर ऑफिसात आला. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "अगं, तुझी टिकली कोपराला लागलीय." पण होते बिचारे. सांभाळून होते मी.

आता सर. गिरगावात त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. १९९१ मध्ये मी तिथून सरकारी वाणिज्य परीक्षेला बसले, इंग्रजी थर्टी, म्हणजे मिनिटाला तीस शब्द. बारा मशीन, एक पंखा, आणि कुणी बटणांकडे बघितलं की सर मागून येऊन त्याच्या बोटांवर रुमाल टाकायचे. पुढे मशीन भंगारात गेली. एक गोदरेज त्यांनी घरी ठेवलंय, क्रोशाच्या कव्हरात. गोदरेजने पहिलं भारतीय बनावटीचं टाइपरायटर १९५५ मध्ये आणलं, हे सर घरातल्या मुंजीची तारीख सांगावी तसं सांगतात.

शनिवारी ते सोसायटीची नोटीस घेऊन आले. मंगळवारी टाकी धुणार, पाणी बंद. "मराठीत टाइप करून दे. पाच प्रती."

मी बसले आणि टाइप केलं, पी ए एन आय. अर्थात कोरियन चालूच होतं.

"काय आलं ते?" सर वाकून म्हणाले.

मला वाचता येतं हे दाखवायची खुमखुमी नडली. मी मोठ्याने वाचलं, "ए... मू... या."

"ए मू, या?" सर म्हणाले. "म्हशीला हाक मारतेस का?"

मी भाषा बदलली. पण सरांची नजर अजून माझ्या बोटावर होती. "तू पाण्याला पी का दाबलास?"

"सर, मी मराठी इंग्रजीतून लिहिते. पी ए एन आय केलं की पाणी होतं."

"कसं होतं?"

"आपोआप."

"आपोआप," सर म्हणाले. मी नापास झाल्याचं कळलं असतं तरी त्यांचा आवाज असा लागला नसता. "म्हणजे मराठी टायपिंग तुला येतच नाही."

"येतं ना सर. होतं म्हणजे..."

"आणि कोरियनचं बटण न् बटण पाठ करतेस."

यावर काय बोलणार? मी चहा टाकायला उठले. तीच चूक झाली. आलं किसून परत येते तर सर क्यूपासून सुरुवात करून डब्ल्यूपर्यंत पोचले होते. "हा काय पोरखेळ? बघून टाइप करतात का कुणी?" चहा येईपर्यंत वरची ओळ साफ. मधली ओळ चहाबरोबर, खालची बिस्किटाबरोबर. काढलेला प्रत्येक स्टिकर ते नोटिशीच्या कच्च्या कागदामागे ओळीने चिकटवत होते, "वाया जायला नकोत" म्हणून.

मग माझा धडा. "ए एस डी एफ जी एफ. सेमीकोलन एल के जे एच जे. कर." तेहतीस वर्षांहून जास्त झाली, पण बोटं निमूट चालायला लागली. पडद्यावर एका ओळीत नुसती व्यंजनं, दुसऱ्या ओळीत नुसते स्वर. कोरियन भाषेत याला काहीही अर्थ नाही. सर मात्र प्रसन्न. "बघ, लय आहे अजून. मनगट पाड. खुर्ची पुढे घे. तुझा स्टेटमेंटचा टॅब तेव्हाही चुकायचा."

इथवर मी सहन केलं असतं. पण टेबलावर माझी वही होती. स्टिकर दगा देणार हे जाणून मी तिच्यात सरावाची वाक्यं बटणांच्या इंग्रजी अक्षरांत उतरवून ठेवली होती. सरांनी ती उघडली. डब्ल्यू जे, एस एम एस, डी एल एस, ई एच. पानंच्या पानं. (एस एम एस हे खरंच कोरियनमधलं प्रत्यय लावायचं अक्षर आहे, 'मी तर' मधल्या 'तर'सारखं. मला इतकं एकच न बघता येतं.)

"कॉपी पॅसेज वाटतं. स्पेलिंग भलतीच आहेत," म्हणत सर बसले. चष्मा कपाळावर. वही डावीकडे तिरकी. आणि सुरू झाले.

मी काय पाहिलं ते सांगते. ज्या माणसाला कोरियनचं एक अक्षर येत नाही, ज्याला कोरिया नकाशात जपानच्या कुठल्या अंगाला आहे तेही सांगता आलं नसतं, त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या बोटांखालून अस्खलित कोरियन वाहत होतं. नमस्कार. मी भारतीय आहे. माझी मुलगी बंगळुरूला राहते. आज पाऊस पडतोय. 'र' उड्या मारत होता, सर बघतही नव्हते. पडद्याकडेही नाही. त्यांची नजर वहीवर. माझं सहा महिन्यांचं आयुष्य त्यांनी चार मिनिटांत संपवलं आणि विचारलं, "चुका किती?"

एकही नव्हती. मी म्हटलं, दोन.

दुखावलेपणाने मी त्यांना डॉ. गोङ ब्यङ-ऊ यांची गोष्ट सांगितली. त्यांनी १९४९ मध्ये कोरियन टाइपरायटर बनवला, त्यात सुरुवातीचं व्यंजन आणि तळमजल्याचं व्यंजन यांची बटणंच वेगळी ठेवली, म्हणजे भुताचा जाळ मुळातच विझला. आणि ते होते डोळ्यांचे डॉक्टर! सरांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "डोळ्यांचा डॉक्टर ना? मग त्याला ठाऊकच असणार. टायपिंगमध्ये डोळ्यांचं काही काम नाही."

त्या रात्री मला झोप लागेना. स्टिकरचं दुःख होतंच, पण खुपत होतं ते 'आपोआप'. उठून शोधलं. इन्स्क्रिप्ट म्हणून आपल्या लिप्यांचा कीबोर्ड आहे, १९९१ च्या भारतीय मानकात आहे. म्हणजे मी सरांकडे इंग्रजी थर्टी बडवत होते त्याच वर्षीच्या. त्यात डावीकडे स्वर आणि काना-मात्रा, उजवीकडे व्यंजनं. कोरियनच्या बरोब्बर उलट! म्हणजे आता मराठी शिकायला घेतलं तर जेन्ट्स-लेडीज डब्यांची अदलाबदल. कोरियात विकल्या जाणाऱ्या कीबोर्डवर इंग्रजीशेजारी त्यांचं अक्षर छापलेलं असतं. आपल्याकडे पाट्या मराठीत हव्यात म्हणून दुकानांच्या काचा फुटतात, पण त्याच दुकानाच्या गल्ल्यावरच्या कीबोर्डवर एक 'क' दिसेल तर सांगा. रविवारी मी हट्टाने पुन्हा लॅमिंग्टन रोडला गेले. त्याच माणसाला विचारलं, मराठी अक्षरांचे स्टिकर आहेत का.

"हिंदीचे आहेत. चालतील?"

"त्यात ळ आहे का?"

त्याने पाकीट उन्हात धरून बराच वेळ शोधला. मग 'ल'वर बोट ठेवून म्हणाला, "हाच घ्या ना मॅडम."

कोरियनचा दुसरा सेट मागितला, तर तो संपला होता. मुलं घेऊन जातात म्हणे.

नोटीस सरांनी शेवटी हाताने लिहिली. अक्षर इतकं सुंदर की लिफ्टजवळ लोक थांबून वाचतात आणि तरी पाणी भरायला विसरतात. पण त्यांना आता कोरियनची गोडी लागली आहे. भाषेची नव्हे, पॅसेजची. रोज संध्याकाळी सहाला बेल वाजते. "आजचा उतारा?" मी ऑफिसातून येऊन कुकर लावते आणि त्यांच्यासाठी वाक्यं बटणांच्या अक्षरांत उतरवत बसते. शिकतेय मी, टाइप करतायत ते. त्यांचा स्पीड पस्तिसावर आहे. माझा विचारू नका.

काल मी उताऱ्यात एक वाक्य मध्येच घुसडलं. सॉनसेङ्निम, चे स्थिखॉ तोल्ल्यॉ चुसेयो. सर, माझे स्टिकर परत द्या.

सरांनी ते एका दमात टाइप केलं. चूक नाही, कुठे अडखळले नाहीत. मग प्रिंट काढायला लावली, खाली तारीख घालून सही केली, कागदाची व्यवस्थित चौघडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "उद्या जरा अवघड काढ."