बेसी कोलमन आणि एकच गेट

फेब्रुवारी आला की इथे अमेरिकेत शाळांच्या भिंती भरतात. ब्लॅक हिस्टरी मंथ, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या इतिहासाचा महिना. हॅरिएट टबमन, रोझा पार्क्स, कॅथरीन जॉन्सन, आणि प्रत्येकीच्या फोटोखाली ‘मोठी स्वप्नं पाहा’ छापाचं एखादं वाक्य. फोटो लावावेतच. तक्रार आहे ती त्या वाक्याबद्दल. या बायकांनी काय सोसलं, पैसा कुठून उभा केला, कुणाला तोंडावर नाही म्हटलं, ते सगळं त्यात विरघळून जातं आणि मुलींच्या वाट्याला नुसतं साखरपाणी येतं.

आमच्या चौथीतल्या कन्येने यंदा प्रोजेक्टसाठी बेसी कोलमन निवडली. आम्ही शिकागोजवळ राहतो. ओहेअर विमानतळावरच्या एका रस्त्याला बेसीचं नाव आहे, त्यामुळे नाव तिच्या कानावरून गेलेलं होतं. वैमानिकाचं लायसन्स मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री, एवढं कुठेही मिळतं. त्याच्या अलीकडचं-पलीकडचं जास्त सांगण्यासारखं आहे.

बेसीचा जन्म 1892 चा, टेक्सासमधला. कापूस वेचायचे दिवस आले की काळ्या मुलांची शाळा बंद, सगळी पोरं शेतात. (यवतमाळ-परभणीकडच्या मित्रमंडळींना हे समजावून सांगायला नको.) पुढे लोकांचे कपडे धुऊन पैसे साठवले आणि कॉलेजला गेली. पैसे एकाच सत्रापुरते होते, परत आली. 1915 मध्ये शिकागोला जाऊन पुरुषांच्या सलूनमध्ये मॅनिक्युअरचं काम धरलं. महायुद्धावरून परतलेला भाऊ चिडवायचा, फ्रान्समधल्या बायका विमानं चालवतात, तुम्हाला काय जमणार! बेसीने ते मनावर घेतलं. अमेरिकेतल्या एकाही फ्लाइंग स्कूलने दारात उभं केलं नाही. काळी, त्यात बाई.

मग ‘शिकागो डिफेंडर’ या काळ्यांच्या वर्तमानपत्राचे मालक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी सल्ला दिला, फ्रान्सला जा. बेसी फ्रेंच शिकली. नखं घासून झाली की फ्रेंचचा अभ्यास. 1920 च्या नोव्हेंबरात बोटीत बसली, उत्तर फ्रान्समधल्या ल क्रोतोय गावी कोद्रों बंधूंच्या शाळेत दाखल झाली. तिथे एक विद्यार्थी अपघातात गेलेला तिने डोळ्यांनी पाहिला, तरी शिकत राहिली. 15 जून 1921 ला आंतरराष्ट्रीय लायसन्स हातात. अमेलिया इअरहार्टला असं लायसन्स मिळायला त्यानंतर जवळपास दोन वर्षं लागली. अमेलियाचं नाव आपल्याकडच्या जनरल नॉलेजच्या पुस्तकांतही असतं, बेसीचं शोधावं लागतं.

लायसन्सवर जन्मसाल 1896 आहे. म्हणजे बाईंनी वय चार वर्षांनी कमी लावलेलं. मला हे फार आवडलं! बेसीला मिरवायची हौस होती. शिवून घेतलेला गणवेश, लेदरचा कोट, सगळा थाट. आदर्श स्त्री म्हणजे साधी, अबोल, सोसणारी, असं मुलींना सांगून सांगून आपण दमत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

पण मुलींना सांगायची खरी गोष्ट आहे नकारांची. एका सिनेमात बेसीला काम मिळालं होतं. पहिल्याच प्रसंगात फाटके कपडे, हातात काठी, पाठीवर गाठोडं असं उभं राहायला सांगितलं, तेव्हा ती निघून गेली. आणि वॅक्सहाची, जिथे ती वाढली ते गाव. तिथे ती विमानाच्या कसरती दाखवणार होती, त्या खेळाला गोऱ्यांचं गेट वेगळं, काळ्यांचं वेगळं ठेवायचं ठरत होतं. बेसीने सांगितलं, गेट एकच असेल तरच विमान उडेल. गेट एक झालं. आत बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. हे शेवटचं वाक्य पोस्टरवाले गाळतात. मी गाळणार नाही. गेटपाशी जिंकली, आत हरली, आणि तरीही त्या दिवशी विमान उडवलं.

ओळखीतल्या एक काकू म्हणाल्या, “अगं, आपली कल्पना चावला आहे की. हीच कशाला?” कल्पना आहेच. पण आपण या देशात कसे आलो तेही बघू. 1923 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात बेसीचं विमान पडून पाय मोडला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना सांगितलं, तुम्ही गोरे नाही, नागरिकत्व मिळणार नाही. 1946 मध्ये अमेरिकेत स्थायिक व्हायला येणाऱ्या भारतीयांसाठी कोटा ठरला तो वर्षाला 100 माणसांचा. तो प्रकार मोडला 1965 च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा आला काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीच्या लाटेवर. आपली गणेशोत्सवाची वर्गणी, ढोलपथकं, मराठी शाळा, सगळं त्यानंतरचं. काकूंना एवढं सगळं बोलले नाही, म्हणून इथे लिहितेय.

बेसी 30 एप्रिल 1926 ला फ्लोरिडात गेली, 34 व्या वर्षी. विमान तिचा मेकॅनिक विल्यम विल्स चालवत होता. दुसऱ्या दिवशीच्या पॅराशूट उडीसाठी खालची जागा वाकून बघता यावी म्हणून तिने पट्टा बांधला नव्हता. यंत्रात एक पाना अडकला, विमान उलटलं, ती बाहेर फेकली गेली. विल्सही गेला. काळ्यांसाठी फ्लाइंग स्कूल काढायचं तिचं स्वप्न राहून गेलं. 1929 मध्ये विल्यम पॉवेल यांनी लॉस एंजेलिसमध्ये तिच्या नावाने क्लब काढला, आणि 1992 मध्ये मे जेमिसन ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री अंतराळात गेली तेव्हा तिच्याजवळ बेसीचा फोटो होता.

मुलांना मृत्यूचं सांगू नये असं काही आयांचं म्हणणं पडलं. मला पटलं नाही. पाना न सांगता नुसतं ‘अपघाती निधन’ म्हटलं, तर ती किती जुन्या, धोक्याच्या विमानांवर पोट भरत होती ते कळणार कसं?

शाळेत बोलायला एक मिनिट मिळणार आहे. बेसीवर निघालेलं पोस्टाचं तिकीट, 2023 चं नाणं, बार्बी हे कन्येने स्वतःच खोडलं. गेट ठेवलंय, पाना ठेवलाय. वय चोरल्याचं सांगायचं की नाही यावर घरात अजून वादावादी चालू आहे.