लांबची वाट लवकर कशी संपते?

नमस्कार. एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आईंचा मेमधला तिथला प्रवास आणि त्यांच्या गोळ्यांच्या वेळा यांबद्दलही तुम्ही विचारलंय, त्यावर शेवटी लिहितो. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर असताना मी १५,३०० लिहिलं, हा तुमचा पहिला आक्षेप. दुसरा असा की अटलांटिकवरून जाणाऱ्या १३,९०० किलोमीटरच्या वाटेपेक्षा पॅसिफिकवरची ही लांब वाट दोन तास आधी पोचवते, हे गणितात बसत नाही. उलट पृथ्वी पूर्वेकडे फिरत असल्यामुळे पूर्वेला निघालेल्या विमानापुढे मुक्काम पळतच राहणार.

पहिल्या मुद्द्यात चूक माझी. १२,४०० हे पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर आणि १५,३०० ही विमानाने प्रत्यक्ष कापलेली वाट. मी दोन्हींना 'अंतर' म्हटलं. लेखात दुरुस्ती केली आहे. तो दोरा हिमालय, सायबेरिया, आर्क्टिक महासागराची कड आणि अलास्का असा जातो. पण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटकन दहा हजार फुटांपर्यंत उतरावं लागतं आणि तिबेटात जमीनच त्याहून उंच आहे. म्हणून दोऱ्यावरून उडता येत नाही.

दुसरा मुद्दा मात्र मला मान्य नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. १५,३०० किलोमीटर, साडेचौदा तास. भागून बघा, ताशी सरासरी १,०५० च्या वर वेग येतो. बोइंग ७७७ स्वतःच्या जोरावर साधारण ९०० ने उडतं. त्याहून जास्तीचा वेग वाऱ्याचा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहते. हिवाळ्यात जपानवर ती ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जाते. अटलांटिकवरून जाताना वारा समोरून, पॅसिफिकवरून जाताना पाठीशी. परतताना विमान अटलांटिकवरून येई, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच. जाऊन-येऊन पृथ्वीला एक फेरी!

पृथ्वीच्या फिरण्याचं म्हणाल, तर हवाही तिच्याबरोबर फिरते. धावत्या रेल्वेच्या डब्यात चेंडू वर उडवला तर तो मागे पडत नाही, हातातच येतो.

या वाऱ्यांची कथा मला फार चटका लावते. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले. जगाने वाचावं म्हणून अहवाल मुद्दाम एस्पेरांतो या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत लिहिला, आणि बाहेर तो फारसा कुणी वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना हेच वारे अनपेक्षितपणे भिडले. वीस वर्षांपूर्वी केलेली मोजणी हाताशी असून उपयोगी पडली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुमच्या आईंचा मेमधला प्रवास. तेव्हा कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. साडेचौदा तास उडूनही तिथलं घड्याळ निघतानाच्या आपल्या वेळेपेक्षा फक्त दोन तास पुढे दिसेल. म्हणून तिकिटावरच्या निघण्या-पोचण्याच्या वेळा वजा करू नका; प्रवासाचे एकूण तास वेगळे छापलेले असतात, ते बघा. उन्हाळ्यात वारे मंदावतात, वाटाही बदलतात, तेव्हा माझा २०१६ चा आकडा धरून चालू नका. गोळ्यांच्या वेळा त्या एकूण तासांवर डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.