ओला डबा आणि पाव्हलॉव

सकाळी सात-दहाला गल्लीच्या तोंडाशी घंटा वाजते आणि माझे पाय उठतात. पाय म्हणतोय, मी नव्हे. मी त्या वेळी चहाचा दुसरा घोट घेत असतो, पेपरातल्या निधनवार्तांत ओळखीचं कुणी आहे का ते बघत असतो, कधी अर्ध्या गालावर दाढीचा फेस असतो. पाय मात्र तोवर सिंकखालच्या हिरव्या डब्यापाशी पोचलेले असतात. तिथून तीन मजले, बावन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला, त्यामुळे जिनाभर फटफट आवाज. घंटागाडी आमच्या इमारतीपुढे जेमतेम दीड मिनिट थांबते. ती चुकली, तर कालच्या बोंबलांची डोकी आणखी एक दिवस आमच्याकडे मुक्कामाला.

मुलगी मानसशास्त्र घेऊन बीए करते आहे. तिने आठवडाभर मला न्याहाळलं आणि एकदा मी रिकामा डबा घेऊन धापा टाकत वर आलो तेव्हा शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमचं अभिजात अभिसंधान झालंय."

मला वाटलं, रक्ताच्या रिपोर्टात काहीतरी निघालं.

अभिसंधान म्हणजे एखाद्या खुणेला शरीराने आपोआप प्रतिसाद द्यायला शिकणं, असं म्हणून तिने पाव्हलॉव सांगितला. नाव मलाही माहीत होतं: घंटा वाजली की कुत्र्याची लाळ गळते, तो पाव्हलॉव. पण तिच्या नोट्स चोरून वाचल्यावर कळलं, की मला माहीत होतं ते बरंचसं चुकीचं होतं. इव्हान पाव्हलॉव हा रशियन शास्त्रज्ञ, रियाझान गावच्या पाद्र्याचा मुलगा. पौरोहित्याचं शिक्षण अर्धवट टाकून तो सेंट पीटर्सबर्गला गेला आणि कुत्र्यांच्या पोटात शिरला. 1904 चं नोबेल त्याला मिळालं ते पचनावरच्या कामासाठी, घंटेसाठी नव्हे. प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांचा जठररस बाटल्यांत भरून अपचनाचं औषध म्हणून विकला जायचा आणि त्यातून प्रयोगांना पैसाही मिळायचा. अर्थात, कुत्र्याचा जठररस पिणाऱ्या माणसाला पचवण्यासारखं पुढे काही उरत असेल असं मला वाटत नाही.

तर या कुत्र्यांच्या गालाला बारीक छिद्र पाडून लाळ नळीतून बाहेर काढायचे आणि मोजायचे. मोजता मोजता एक गोची झाली. कुत्र्यांना अन्न तोंडात पडायच्या आधीच लाळ सुटू लागली. थाळी दिसली की लाळ, रोज खायला आणणाऱ्या माणसाची पावलं वाजली की लाळ. दुसरा कुणी असता तर कुत्री बदलली असती. पाव्हलॉवने आपला विषयच बदलला आणि पुढची तीसेक वर्षं त्यावर काढली. म्हणजे सुरुवात पावलांपासून झाली. घंटा त्याने फारशी वापरलीच नाही, त्याचा भरवसा मेट्रोनोमवर, गाणाऱ्यांचा ताल सांभाळणाऱ्या त्या टिकटिक यंत्रावर. बाहेरचा आवाज प्रयोगात मिसळू नये म्हणून त्याने जाड भिंतींची, भोवती खंदक असलेली खास इमारत बांधून घेतली. तिला 'मौनाचा मनोरा' म्हणत. मुंबईकरांना या नावाने मलबार हिलवरचं पारशांचं दुसरंच काही आठवेल, ते सोडा.

मला हेवा वाटला. त्या कुत्र्यांना खंदक होता. आमच्या गल्लीत सात ते आठ या वेळात घंटागाडीची घंटा, शाळेची घंटा, कोपऱ्यावरच्या मारुतीची घंटा आणि उन्हाळ्यात दिवसभर कुल्फीवाल्याची. सुरुवातीला मी चौघांनाही सारखाच मान द्यायचो. याला सामान्यीकरण म्हणतात. भर दुपारी बनियनवर हिरवा डबा घेऊन कुल्फीवाल्यासमोर उभा राहिलो तेव्हा तो म्हणाला, "काका, एवढ्या डब्यात नाही मिळत. काडीवर घ्या."

हळूहळू फरक कळू लागला. मग कुल्फीवाल्याने नवी घंटा आणली, आणि ती हुबेहूब घंटागाडीसारखी! पाव्हलॉवच्या प्रयोगशाळेत एका कुत्र्याला असं शिकवलं होतं, की वर्तुळ दिसलं तर खायला मिळेल, लंबवर्तुळ दिसलं तर नाही. मग लंबवर्तुळ फुगवत फुगवत वर्तुळाजवळ आणलं. लांबी-रुंदीचं प्रमाण 9:8 झालं आणि इतके दिवस गुणी असलेलं ते कुत्रं भुंकायला लागलं, यंत्राच्या नळ्या चावायला लागलं. मी काही चावलो नाही. पण सोसायटीच्या सभेत जे बोललो ते सेक्रेटरींनी इतिवृत्तात घेतलं नाही.

खरा घात सासुरवाडीला झाला. सत्यनारायण होता. मी भिंतीला टेकून कथेच्या चौथ्या अध्यायात डुलक्या घेत होतो. आरतीची घंटा वाजली. पुढचं मला इतरांकडून कळलं. मी उठलो, थेट स्वयंपाकघरात गेलो, ओट्याखालचा हिरव्या झाकणाचा डबा उचलला आणि फाटकाच्या दिशेने चालू लागलो. डब्यात शंभर माणसांचा शिरा होता. सासूबाई मागून धावल्या. "जावईबापू, प्रसाद सगळ्यांना द्यायचाय हो!"

घरी आल्यावर मी समजावू लागलो, की झोपेत होतो, मनात तसं काही नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, मनाचं राहू दे. डबा उचललात की नाही, तेवढं सांगा."

मुलीने लगेच वही उघडली. आई जन्मजात वर्तनवादी आहे म्हणे. 1913 मध्ये जॉन वॉटसन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने हेच जाहीर केलं होतं: मन, जाणीव हे दिसत नाही, मोजता येत नाही, तेव्हा मानसशास्त्राने त्याच्या नादी न लागता माणूस करतो काय ते बघावं. इथवर ठीक. पण पुढे त्याने आणि रोझली रेनर या विद्यार्थिनीने अल्बर्ट नावाच्या तान्ह्या बाळासमोर पांढरा उंदीर ठेवला आणि बाळाने उंदराला हात लावला की त्याच्या पाठीमागे पोलादी सळईवर हातोडा हाणला. थोड्याच दिवसांत बाळ उंदीर बघून रडू लागलं, मग सशाला बघून, मग केसाळ कोटाला बघून. भीती घालवायचं राहूनच गेलं. वॉटसनचीही नोकरी 1920 मध्ये गेली, पण कारण बाळ नव्हतं, रेनरशी जुळलेलं प्रेमप्रकरण होतं. नंतर तो जाहिरातींच्या धंद्यात शिरला आणि चांगला कमावता झाला. बायकोला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "बाळाच्या आईने तोच हातोडा घ्यायला हवा होता."

सुटकेचा मार्गही वहीत होता. घंटा वाजवत राहायची, खायला द्यायचं नाही. मग सवय विरते. विलोपन. मी आशेने गाडी चुकवायचं ठरवलं. चार दिवस घंटा ऐकूनही खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो. पाय थंडावले, घर मात्र दरवळलं. पाचव्या दिवशी बायकोने नुसतं बघितलं. सहाव्या दिवशी पाय पूर्वीपेक्षा जोरात धावले आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या रांगोळीवर ओला कचरा सांडला. 1924 मध्ये लेनिनग्राडला, म्हणजे त्याच सेंट पीटर्सबर्गला, पूर आला तेव्हा पाव्हलॉवची कुत्री पिंजऱ्यात बुडता बुडता वाचली आणि त्या धक्क्याने काहींचं शिकलेलं सगळं पुसलं गेलं. काकू जे बोलल्या तो धक्का पुराहून कमी नव्हता. तरी माझं काही पुसलं गेलं नाही.

आता मी तक्रार करत नाही. खाली फाटकाशी खंड्या बसलेला असतो, गल्लीचा कुत्रा. गाडी यायच्या आत मी त्याला बोंबलाची दोन डोकी टाकतो. परवा सुट्टी होती, गाडी नव्हती. दूध आणायला म्हणून मी रिकाम्या हातांनी जिना उतरलो, फटफट, फटफट. खंड्या आधीच उठून उभा होता. त्याच्या जबड्यातून लाळेची एक लांब तार जमिनीपर्यंत लोंबत होती. मी त्याला दोन्ही हात उघडून दाखवले. त्याने हातांकडे बघितलंच नाही. तो माझ्या डाव्या चपलेकडे बघत होता.