गढूळ पिशवी, हळदीचं पाणी आणि एक बेजबाबदार मेसेज

‘पोटाचं डायलिसिस घरच्या घरी, दवाखान्याची लूट बंद’ असा सात मुद्द्यांचा मेसेज सध्या फिरतोय. परवा तो माझ्या मामींच्या फोनवर पोचला. मामी सीएपीडीवर, म्हणजे घरी करायच्या पोटाच्या डायलिसिसवर, आहेत. दिवसातून चार वेळा डायलिसिसच्या द्रवाची दोन लिटरची पिशवी पोटात बसवलेल्या नळीतून आत भरायची, काही तास ठेवायची, मग ते पाणी काढून टाकायचं. या प्रत्येक फेरीला एक्स्चेंज म्हणतात. त्यांनी विचारलं, ‘यातलं तिसरं करून बघायला काय हरकत आहे?’ भरपूर हरकत आहे, म्हणून तिसऱ्यापासूनच सुरुवात करतो.

तो मुद्दा असा : ‘बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं तर घाबरू नका, शरीरातली घाण सुटते आहे. दोन दिवस हळदीचं पाणी प्या, आपोआप नितळ होईल.’

शरीरातली घाण म्हणजे युरिया आणि क्रिएटिनिन. ते पाण्यात पूर्ण विरघळलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. डायलिसिस उत्तम चालू असेल तर निचऱ्याचं पाणी फिकट पिवळं आणि आरपार दिसणारं असतं. ते गढूळ होतं ते बहुतेक वेळा पांढऱ्या पेशींमुळे. पोटाच्या आतल्या पडद्याला, म्हणजे पेरिटोनियमला, जंतुसंसर्ग झाला की या पेशी तिथे धावतात. याचं नाव पेरिटोनायटिस. या उपचारातली सर्वांत धोक्याची गोष्ट हीच, आणि मेसेज तिला शुभशकुन म्हणतोय!

पेरिटोनियल डायलिसिसच्या (पीडी, म्हणजे पोटाच्या डायलिसिसच्या) आंतरराष्ट्रीय सोसायटीने (आयएसपीडी) 2022 साली पेरिटोनायटिसबद्दलची सुधारित मार्गदर्शिका काढली. तिच्यात निदानाच्या तीन खुणा दिल्या आहेत. पोटदुखी किंवा गढूळ पाणी ही पहिली. किमान दोन तास पोटात राहिलेल्या पाण्यात दर मायक्रोलिटरला 100 हून जास्त पांढऱ्या पेशी, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), ही दुसरी. कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, जंतू सापडणं ही तिसरी. तिन्हींपैकी दोन जुळल्या की निदान पक्कं. पण उपचारासाठी निदान पक्कं होईपर्यंत थांबायचं नसतं. पाणी गढूळ असेल तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो पेरिटोनायटिसच मानायचा, तपासणीचे नमुने घेऊन लगेच अँटिबायोटिक सुरू करायचं, असं तीच मार्गदर्शिका सांगते. हे औषध शक्यतो डायलिसिसच्या पिशवीतच घालून थेट पोटात देतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात रुग्ण दवाखान्यात पोचल्यानंतर औषध सुरू व्हायला लागलेल्या प्रत्येक तासागणिक नळी काढावी लागण्याची किंवा मृत्यूची शक्यता सुमारे साडेपाच टक्क्यांनी वाढत गेली. इथे तासांचा हिशेब चाललाय आणि मेसेज म्हणतो दोन दिवस हळद प्या.

निचऱ्याची भरलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवा. खालची बारीक अक्षरं पिशवीतून वाचता आली पाहिजेत. हे प्रत्येक एक्स्चेंजला करायचं, शंका आली तरच नव्हे. अक्षरं पुसट दिसली तर ती पिशवी फेकू नका, फोडू नका. पाणी किती वाजता भरलं आणि किती वाजता काढलं ते लिहून ठेवा, आपल्या पीडी नर्सला फोन करा आणि पिशवी घेऊनच दवाखाना गाठा. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून खाऊ नका. त्याने कल्चरमध्ये जंतू सापडत नाही आणि डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावं लागतं. योग्य औषध चालू असूनही पाच दिवसांत पाणी नितळ झालं नाही तर सहसा नळी काढावी लागते. संसर्ग बुरशीचा निघाला तर लगेचच.

एवढं मान्य करतो की प्रत्येक गढूळ पिशवी म्हणजे संसर्ग नसतो. फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे पांढरे दोरे दिसतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पाणी दुधाळ होतं. पाळीच्या दिवसांत ते गुलाबी येऊ शकतं. पण यातलं काय आहे ते प्रयोगशाळा ठरवते, फॅमिली ग्रुप ठरवत नाही.

पहिला मुद्दा : ‘पिशवी गरम पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवा.’ द्रव अंगाइतका, साधारण 37 अंशांपर्यंत, कोमट करायचा असतो हे बरोबर. पण कोरड्या उष्णतेने : वॉर्मर बॅग किंवा हीटिंग पॅड, तेही बाहेरचं वेष्टन न काढता. बादलीतलं पाणी बारीकशा चिरेतून वेष्टनाच्या आत शिरतं आणि जोडणीच्या तोंडाशी साचून राहतं. ओल्या जागी सुडोमोनाससारखे जंतू मजेत वाढतात, आणि सुडोमोनासचा पेरिटोनायटिस बरा करणं फार चिवट काम आहे. मायक्रोवेव्हही नको, कारण द्रव एका जागी कोमट आणि दुसऱ्या जागी कढत होतो. लाइट गेलीच तर थोडा गार द्रव भरा. हुडहुडी भरेल, पोटात कळ येईल, पण संसर्ग होणार नाही.

दुसरा मुद्दा नळीच्या तोंडावर लावायच्या कॅपचा : ‘स्पिरिटने पुसून पुन्हा वापरा, महिन्याला पैसे वाचतील.’ त्या छोट्या कॅपच्या आत पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेला स्पंज असतो. ट्रान्स्फर सेटचं (पोटातल्या नळीला बाहेरून जोडलेल्या, पिशवी जोडायच्या आखूड नळीचं) तोंड त्यात बुडून राहावं म्हणून तो असतो. एकदा वापरलेली कॅप वाळते आणि हाताळलेली असते, तिची राखण संपली. दर एक्स्चेंजला नवी कॅप, यात काटकसर नाही. पंखा बंद, तोंडाला मास्क, हात धुऊन कोरडे करणं, आणि क्रम असा : आधी पोटातलं पाणी काढणं, मग नव्या द्रवाने नळ्या निचऱ्याच्या पिशवीकडे धुऊन घेणं, मग पोटात भरणं. मधलं धुणं वगळलं तर जोडताना आत शिरलेले जंतू सरळ पोटात जातात. चुकून ट्रान्स्फर सेटच्या तोंडाला हात लागलाच तर क्लॅम्प (नळीचा चाप) बंद ठेवा, काही भरू नका, नवी कॅप लावून फोन करा. क्लॅम्प बंद असताना लागला असेल तर ट्रान्स्फर सेट बदलून भागतं. उघडा असेल किंवा नंतर द्रव आत गेला असेल तर प्रतिबंधक अँटिबायोटिकही लागतं. म्हणून नेमकं काय झालं ते लपवू नका, नर्स रागावली तरी.

‘सूज असेल तर रोज चारही वेळा लाल पिशवी वापरा.’ हा चौथा मुद्दा, आणि लिहिणाऱ्याने लाल पिशवीवर काय छापलंय ते वाचलेलं दिसत नाही. नेहमीच्या पिशव्यांत पिवळी 1.5 टक्के, हिरवी 2.5 टक्के, लाल 4.25 टक्के डेक्स्ट्रोजची. दोन लिटरच्या पिवळ्या पिशवीत 30 ग्रॅम साखर, लाल पिशवीत 85. काही तासांत त्यातली निम्म्याहून जास्त रक्तात जाते. लाल पिशवी पाणी जास्त ओढते हे खरं, पण चारही वेळा ओढलं तर रक्तदाब घसरतो, मधुमेह्यांची साखर चढते आणि पडदा लवकर खराब होतो. सूज दिसली तर आधी मीठ आणि पिण्याचं पाणी मोजा, रोज सकाळी वजन घ्या, आणि ताणकाट्यावर निचऱ्याची पिशवी मोजून वहीत लिहा. पिशवीचा रंग डॉक्टर ती वही बघून ठरवतील. मधुमेह्यांसाठी आणखी एक : आयकोडेक्स्ट्रिनची (डेक्स्ट्रोजऐवजी वापरायच्या द्रवाची) जांभळी पिशवी चालू असेल तर काही ग्लुकोमीटर साखर खोटीच जास्त दाखवतात, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं. आपला मीटर चालतो का, हे पीडी युनिटला विचारून घ्या.

पाचवा : ‘डॉक्टर हे डायलिसिस मुद्दाम लपवतात.’ इथे दात-ओठ खात थोडं मान्य करावं लागतं. आपल्याकडे रुग्णाला बहुतेकदा मशीनचाच पर्याय सांगितला जातो. 2016 चा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही हिमोडायलिसिसनेच, म्हणजे मशीनवरच्या डायलिसिसनेच, सुरू झाला, पोटाच्या डायलिसिससाठीची मार्गदर्शक तत्त्वं 2019 मध्ये आली. आठवड्यातून तीनदा तालुक्याहून जिल्ह्याला जाणाऱ्या माणसाला सीएपीडीची माहिती मिळायलाच हवी. पण म्हणून ‘दवाखान्याची गरजच नाही’ कसं होईल? ट्रान्स्फर सेट साधारण सहा महिन्यांनी युनिटमध्येच बदलावा लागतो.

सहावा, ‘पाणी नीट बाहेर येत नसेल तर पोट दाबा.’ दाबू नका. नळी कुठे मुडपली आहे का बघा, क्लॅम्प बघा, कूस बदला. सर्वांत मोठा संशयित बद्धकोष्ठता असते, त्यामुळे पोट साफ होतंय का ते आधी विचारा.

सातवा, ‘किडनीवाल्याने डाळ-अंडी बंद करावीत.’ पोटाच्या डायलिसिसमध्ये रोज 5 ते 10 ग्रॅम प्रथिनं पाण्याबरोबर वाहून जातात, पेरिटोनायटिसमध्ये त्याहून जास्त. डाळ बंद केलेला हा माणूस अंथरूण धरू शकतो. मामींना रोज दोन अंड्यांचं पांढरं आहारतज्ज्ञांनीच लिहून दिलंय, ते चालू राहील.