गार्सिनियाची बाटली आणि मे महिन्यातला भात

कबूल करते, वजन उतरवणाऱ्या कॅप्सूलची बाटली मीपण घेतली होती. १००% हर्बल, साइड इफेक्ट शून्य, ६० कॅप्सूलची बाटली १,८५० रुपयांना, दोन्ही जेवणांआधी एक एक. घरी येऊन चष्मा लावून लेबल वाचलं तर गार्सिनिया कंबोजिया एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे केरळवाले माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी, आपल्या कोकमाची सख्खी चुलत बहीण! मालवणला आईला फोन लावला तर म्हणते, "गो, सोलां खावन माणूस बारीक झालो असतो तर तुझी मावशी कधीच वाऱ्यार उडान गेली असती."

पण पहिल्या महिन्यात दोन किलो उतरलं हो. अख्ख्या सोसायटीत फुकटची जाहिरात केली मी. लगेच दुसरी बाटली मागवली आणि मे महिन्यात गावी गेले. तिथे हापूस, फणस, रात्री पण भात, सकाळी पेज, आणि कॅप्सूल मात्र घड्याळ लावून, एकही चुकवली नाही. परत येऊन काट्यावर उभी राहिले तर अडीच किलो जास्त!

मग आठवलं, पहिल्या खोक्यात एक घडी घातलेला कागद होता, डाएट चार्ट. साखर-मैदा बंद, रात्री भात बंद, रोज ४० मिनिटं चालणे. महिनाभर मी ते इमानेइतबारे केलं आणि श्रेय दिलं कॅप्सूलला.

अमेरिकेत १९९८ मध्ये नेमकं हेच तपासून झालंय. १३५ जाड माणसं, १२ आठवडे, सगळ्यांना कमी कॅलरीचं जेवण, अर्ध्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना नुसती दिसायला तशी. खरी गोळीवाले सरासरी ३.२ किलोने उतरले आणि खोटीवाले ४.१ ने. उंदरांत म्हणे त्यातलं हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड साखरेची चरबी होऊ देत नाही, पण माणसांत त्याचा काही उजेड पडला नाही.

पैसे गेले तर गेले. मला राग येतो तो "नॅचरल आहे, काही होत नाही" याचा. अहो सोलकढीची वाटी वेगळी आणि अर्क काढून, घट्ट करून कॅप्सूलमध्ये कोंबलेला डोस वेगळा. ग्रीन टीचंच बघा, कपभर पिताना सहसा कोणाला काही होत नाही, पण त्याच्याच अर्कातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त पोटात गेलं तर रक्तात लिव्हरचे एन्झाइम वाढतात (म्हणजे लिव्हरला त्रास होत असल्याची खूण) असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय. गार्सिनियाच्या गोळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस पण नोंदल्या गेल्यात. आणि आपल्याकडे शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या बायका डॉक्टरांना न सांगता हे घेतात, कारण "ते कुठे औषध आहे?"

कालच आमच्या वहिनीचा मेसेज आला, ताई ती लिंक पाठवा ना. पाठवली नाही, डाएट चार्टचा फोटो पाठवला, त्यावर नुसता अंगठा आलाय.

दुसऱ्या बाटलीत अजून २२ कॅप्सूल आहेत. घ्यायच्या नाहीत हे पक्कं, पण १,८५० मोजलेत, टाकवत पण नाहीत.