पार नाही ते गाव कसलं? एका प्रतिक्रियेला (जरा लांबलेलं) उत्तर

मागच्या महिन्यात 'आमचं मॉरिसव्हिल' हा लेख टाकला, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या, रॉली शहराजवळच्या आमच्या गावाबद्दलचा, त्याखाली 'सह्यकडा' या नावानं एका वाचकांची प्रतिक्रिया आली. ती खाली कुठेतरी दबून गेलीये म्हणून आधी थोडक्यात सांगते. त्यांचं म्हणणं असं: "मॅडम, मी स्वतः तीन वर्षं रॉलीत काढलीत, तेव्हा फेकू नका. मॉरिसव्हिल हे गाव नाही, एअरपोर्टशेजारचं हैदराबादी हॉस्टेल आहे. जिथं पार नाही, चौक नाही, मूळची माणसं नाहीत ते गाव कसलं?" पुढे अजून आहे. माझं साल चुकलंय, शायलोच्या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही, घरांच्या किमती वाढवून मूळच्यांना हाकलणारे आपणच, आणि मताचा हक्क नसलेले लोक गावकरी नसतात, भाडेकरू असतात.

तर आधी ते 'मॅडम' आणि 'फेकू नका'चं बघू. मी हा ब्लॉग गेली नऊ वर्षं लिहितेय, फुकट लिहितेय, रात्री भांडी आवरल्यावर लिहितेय. इथं लोकांनी मला ताई म्हटलंय, काकू म्हटलंय, एका आजोबांनी तर 'अगं पोरी' म्हणून माझं शुद्धलेखन काढलं होतं आणि मी ते मुकाट्यानं सुधारलं. 'मॅडम' या शब्दात मला अडचण नाही, पण तो ज्या सुरात आलाय तो सुर ओळखीचा आहे, तहसील कचेरीत खिडकीपलीकडून येतो तसा. आणि 'फेकू नका'? लेखातलं नेमकं कुठलं वाक्य फेकलेलं होतं ते एक तरी दाखवायचं होतंत ना साहेब.

बरं, एक दाखवलंत, मान्य. साल. मी लिहिलं होतं की गावाची स्थापना १८५२ची. ते बरोबर नाही. १८५२ साली जेरेमाया मॉरिस यांनी नॉर्थ कॅरोलायना रेलरोडला जमीन दिली, त्यांच्या नावावरून स्टेशनचं नि मग गावाचं नाव पडलं, पण गाव म्हणून कागदोपत्री नोंद झाली १८७५ला. लेखात दुरुस्ती केलीये, आभारी आहे. चूक ती चूक, मी काही हट्टाला पेटलेली बाई नाही.

आता पार.

हे वाक्य वाचलं आणि मी दोन दिवस धुसफुसत होते, नवरा म्हणाला सोड ना, पण नाही सुटलं. कारण पार म्हणजे काय ते मला कोणी रॉलीत तीन वर्षं काढून शिकवायची गरज नाही. मी कराडजवळच्या एका खेड्यातली, आमच्या गावाला वडाचा पार आहे, चांगला दगडी, मारुतीच्या देवळाला लागून, त्यावर संध्याकाळी सगळं गाव बसतं असं आपण म्हणतो. सगळं गाव? माझ्या आयुष्यातली पहिली बावीस वर्षं त्या गावात गेली आणि मी त्या पारावर एकदाही बसलेली नाही. माझी आई बसलेली नाही, आजी बसलेली नाही. आम्ही पारासमोरून जाताना पदर नीट करून, खाली बघून, पाय उचलून जायचो. आणि खालच्या आळीतले पुरुष पाराच्या कडेला उभे राहायचे, बसायचे नाहीत, का ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही. तेव्हा पाराचं कौतुक मला कमी सांगा.

मॉरिसव्हिलला पार आहे की नाही? आमच्या टाउनहोमच्या कॉलनीत पत्रपेट्या घरोघरी नाहीत, सगळ्यांच्या मिळून एका छपराखाली, लोखंडी, खणाखणांच्या, शेजारी एक बाक आणि कुत्र्यांच्या पिशव्यांचा डबा. संध्याकाळी सहा-साडेसहाला तिथं या. टपाल काय, जाहिरातीच जास्त, घरातला कोणीही आणू शकतो, पण सगळे येतात. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा तर हमखास, पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज, वर स्वेटर, वर माकडटोपी (ऑक्टोबरात!), आधी मागच्या तळ्याभोवती चार फेऱ्या आणि मग त्या बाकावर. माझ्या सासूबाईंना तेलुगू येत नाही, समोरच्या घरच्या अम्मांना मराठी नाही, हिंदी दोघींनाही यथातथाच. तरी गुडघे, सुना आणि कढीपत्त्याचं झाड थंडीत घरात कसं घ्यायचं या तीन विषयांवर त्या दोघी रोज पाऊण तास बोलायच्या, आणि सासूबाई परत गेल्यावर अम्मांनी आठवडाभर मला विचारलं, "शी रीच्ड? शी ओके?" याला तुम्ही हॉस्टेल म्हणा. हॉस्टेलात माणसं एकमेकांचे गुडघे विचारत नाहीत.

आणि हैदराबादी म्हणून जे नाक मुरडलंत ना, ते मला जास्त लागलं. तेलुगू लोक जास्त आहेत, आहेतच, मग? २०००च्या जनगणनेत या गावात ५,२०८ माणसं होती, २०१०ला १८,५७६ झाली आणि २०२०ला २९,६३०. वीस वर्षांत साडेपाचपट. २०१०ला आशियाई वंशाचे सत्तावीस टक्क्यांच्या आसपास होते, २०२०ला पंचेचाळीसच्या वर गेले, गोऱ्यांपेक्षा जास्त. हे काही कोणी कट करून केलेलं नाही. शेजारी १९५९ पासूनचं रिसर्च ट्रँगल पार्क (कंपन्या आणि संशोधन संस्थांची मोठी वसाहत), पलीकडे एअरपोर्ट, लेनोवोचं अमेरिकेतलं मुख्यालय खुद्द गावात, आणि मध्ये बांधायला मोकळी पडलेली जमीन. माणसं कामाजवळ राहतात हो. पुण्यात हिंजवडीला दुसरं काय झालं?

मूळची माणसं नाहीत म्हणता. आमच्या मागच्या गल्लीत एक आजोबा राहतात, गोरे, ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या वडिलांची इथं तंबाखूची शेती होती. ते मला गाडीतून हात करून दाखवतात, इथं कोठार होतं, पानं भट्टीच्या उबेवर वाळवायचो, इथून पुढे चॅपल हिल रोडपर्यंत शेतच शेत. एकदा मी त्यांना जरा बिचकतच विचारलं, आम्ही सगळे आलो ते तुम्हाला कसं वाटतं? तर म्हणाले, जमीन मी स्वतः विकली, पैसे मोजून घेतले, आता तक्रार कुठल्या तोंडानं करू. दर उन्हाळ्यात टोमॅटो आणून देतात, मी त्यांना टोमॅटोचंच सार करून देते, त्यांना ते फार आवडत नाही पण डबा रिकामा परत येतो. जुलै २०२३ला चर्च स्ट्रीट पार्कच्या मैदानावर मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले (टेक्सासमधलं ग्रँड प्रेरी आणि आपलं मॉरिसव्हिल, पहिल्या मोसमात देशात फक्त दोनच ठिकाणं, हे जाता जाता), तेव्हा ते घडीची खुर्ची घेऊन आमच्याबरोबर आले होते. चिकचिक उकाडा, घामाच्या धारा, आणि आजोबा शांतपणे विचारतायत की बॉल सीमेपार गेला तर खेळणारे धावत का नाहीत. माझ्या नवऱ्याला इतका आनंद मी लग्नातही झालेला पाहिला नव्हता. आता सांगा, हा माणूस मूळचा नाही का? की तुम्हाला तो दिसला नाही कारण तुमची तीन वर्षं ऑफिस ते अपार्टमेंट गेली?

हे शेवटचं जरा बोचरं झालं, राहू दे.

इतिहास नाही असंही मध्येच कुठेतरी म्हटलंयत. माझ्या मोठ्यानं आठवीत प्रोजेक्ट केला होता, त्यामुळे हे मला झोपेतही पाठ आहे: १३ एप्रिल १८६५, यादवी युद्ध संपत आलेलं, याच मॉरिसव्हिल स्टेशनाशी चकमक झाली आणि दक्षिणेच्या सैन्यानं जखमींची गाडी कशीबशी इथून काढून नेली. तेरा दिवसांनी पलीकडे डरहॅमला दक्षिणेच्या जनरल जॉन्स्टननी उत्तरेच्या जनरल शर्मनपुढे शरणागती पत्करली. त्याच रुळांवरून आजही मालगाडी जाते, रात्री भोंगा ऐकू येतो, प्रवासी गाडीही जाते पण ती इथं थांबत नाही. वाईट वाटतं त्याचं.

मताच्या हक्काचं. आमचं ग्रीन कार्डाचं फाइलिंग झालं २००९ला, हातात आलं २०१९ला. दरवर्षीच्या कार्डांपैकी एका देशाला सात टक्के ही मर्यादा, भारताची रांग केवढी हे तुम्हाला ठाऊक असेलच, तीन वर्षं होतात ना. त्या दहा वर्षांत आम्ही प्रॉपर्टी टॅक्स भरला, शाळेत वाचन घ्यायला गेले, पार्क कमिटीच्या मीटिंगला मागच्या रांगेत बसून आले, मत नव्हतं म्हणून तोंड नव्हतं असं नाही. आमच्यातलेच, भारतीय वंशाचे स्टीव्ह राव, सतीश गरिमेला टाउन कौन्सिलवर निवडून गेले. २०२४ला मी हात वर करून नागरिकत्वाची शपथ घेतली. भाडेकरू? भाडेकरूला घरमालक काढू शकतो. आम्हाला तर व्हिसा ऑफिसर काढू शकत होता, नोकरी गेली की साठ दिवस, आणि २०१७च्या आधी तर तेवढेही नाहीत. ज्या माणसानं दहा वर्षं हा हिशोब डोक्यात ठेवून अंगणात पेरूचं झाड लावलं नाही, कुंडीतच ठेवलं, त्याला गावकरीपणाचे धडे देऊ नका.

बाकी मुद्दे. घरांच्या किमती साऱ्या अमेरिकेत वाढल्यात, त्यात मॉरिसव्हिलचं वेगळं काय. शायलोबद्दल लिहिलं नाही हे खरं, तिथलं चर्च माहितीये, रोज समोरून जाते, पण बाराशे शब्दांच्या लेखात सगळं बसत नाही, आणि तो विषय वेगळा आहे. तुम्हाला एवढी तळमळ असेल तर तुम्हीच लिहा, मी इथं छापते. गावात स्वतःचं सरकारी हायस्कूल नाही, पोरं कॅरीला जातात, हा मुद्दा खरं तर तुम्ही काढायला हवा होतात, तो जास्त अडचणीचा होता. नाही सुचला.

प्रतिक्रिया काढणार नाही, दोघातिघांनी मेलवर सुचवलंय तरी. पुढच्या वेळी मॅडम नको, नावानं हाक मारा, वर लिहिलेलं आहे. आणि उत्तर द्यायला उशीर झाला कारण धाकटीचा ट्रॅक आउट सुरू झालाय, आमच्या वेक काउंटीतल्या काही शाळांत पोरांना नऊ आठवडे शाळा आणि तीन आठवडे सुट्टी असा वर्षभर पाळणा चालतो, ती मघापासून दारात बूट घालून उभी आहे. पत्रपेटीपाशी अम्मा आल्यात म्हणे.